गाडी लागते ती पोटामुळे नव्हे!

डोंबिवली स्थानकात आपली लोकल उभी असते. शेजारची गाडी पुढे सरकते आणि क्षणभर वाटते, आपलीच गाडी मागे चालली! शरीर हललेले नसते. फसतात ते डोळे.

शरीराचा तोल डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांधे मिळून सांभाळतात. तिघांची साक्ष जुळली नाही की मेंदू गोंधळतो. मळमळ, घाम, उलटी सुरू होते. यालाच आपण गाडी लागणे म्हणतो.

सुट्टीत कल्याणहून माळशेज घाटाने जुन्नरकडे जाताना वळणे कानाला जाणवतात. मोबाइलवर खिळलेले डोळे मात्र 'सारे स्थिर आहे' असे सांगतात. म्हणूनच मूल गप्प बसावे यासाठी घाटात त्याच्या हाती मोबाइल देणे मला चुकीचे वाटते. २ ते १२ वर्षांच्या मुलांना हा त्रास अधिक होतो. मुलाला बसमध्ये पुढच्या बाजूस बसवावे, दूरचा डोंगर दाखवावा. निघण्यापूर्वी हलके खायला द्यावे. उपाशी ठेवू नये. गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी. बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, म्हणून वाहनचालकाने त्या टाळाव्यात.

प्रवास संपूनही चक्कर थांबली नाही, तर मात्र डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.