विहीर आपली, पाणी कुणाचे?



भूजलाच्या कायद्याचा विषय निघाला की चावडीवर पहिला प्रश्न हमखास येतो : "साहेब, जमीन माझी, विहीर माझी, विजेचे बिलही माझेच. मग पाण्यावर कर कसला?" प्रश्न रास्त आहे. म्हणून हाच प्रश्न ज्यांनी आपल्याआधी सोडवायला घेतला, त्या अमेरिकेतील टेक्सास राज्याची हकिगत आज सांगतो.

तेथील डेनिसन गावात एका रेल्वे कंपनीने 66 फूट खोल आणि 20 फूट व्यासाची विहीर खणली व रोज सुमारे 25,000 गॅलन, म्हणजे जवळजवळ 95 हजार लिटर पाणी उपसायला सुरुवात केली. शेजाऱ्याची 33 फुटी घरगुती विहीर कोरडी पडली. तो कोर्टात गेला. 1904 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. ज्याची जमीन, त्याचे तिच्याखालचे पाणी. शेजाऱ्याची विहीर आटली तरी भरपाई नाही!

हा नियम मूळचा इंग्लंडचा, 1843 सालच्या एका निकालातला. तोच विचार इंग्रजांनी आपल्याकडेही आणला. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात जमीनमालकाचा खालच्या पाण्यावरचा हक्क याच धर्तीवर मान्य केला आहे. म्हणजे आपल्या बांधावरची आणि टेक्सासच्या बांधावरची भांडणे एकाच मुळातून निघाली आहेत. ज्याची बोअर खोल, त्याचे पाणी. उथळ विहीरवाल्याने नशिबाला दोष द्यायचा.

टेक्सासने पुढे काय केले? 1949 साली कायदा करून स्थानिक भूजल संवर्धन जिल्हे स्थापण्याची मुभा दिली. कापूस पिकवणाऱ्या लबक शहराच्या परिसरात असा पहिला मोठा जिल्हा 1951 साली उभा राहिला. या जिल्ह्यांचा कारभार संचालक मंडळ पाहते आणि बहुतेक ठिकाणी ते लोकांनीच निवडलेले असते. विहिरींची नोंद ठेवणे, दोन विहिरींतील अंतर ठरवणे, मोठ्या उपशाला परवाना देणे ही त्यांची कामे.

आता फीचे पाहू. काही जिल्हे मालमत्ता करावर चालतात, काही उपशाच्या फीवर. एक एकर जमिनीत एक फूट पाणी उभे केले तर ते सुमारे 12 लाख 33 हजार लिटर भरते. सर्वसाधारण कायद्याप्रमाणे एवढ्या पाण्याला वर्षाकाठी शेतीसाठी 1 डॉलरपेक्षा जास्त फी लावता येत नाही. इतर वापराला मात्र 10 डॉलरपर्यंत लावता येते. दहा एकरांहून मोठ्या जमिनीवरील घरगुती आणि जनावरांच्या पाण्याच्या लहान विहिरींना परवान्यातून सूट आहे. यावरून ध्यानात येईल की ही फी पाण्याची किंमत नव्हे. मोजणी, नोंदी आणि राखण यांसाठी काढलेली ती वर्गणी आहे.

पण एक गोष्ट लपवून चालणार नाही. लबकच्या भागातली पाण्याची पातळी त्यानंतरही खालीच जात राहिली. जमिनीत मुरते थोडे आणि उपसा जास्त. नुसत्या पावत्या फाडून विहीर भरत नाही. आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

आपल्या महाराष्ट्रात 1993 साली पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी कायदा झाला. सार्वजनिक उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर नको, हा नियम त्यातला. पुढे 2009 चा व्यापक भूजल कायदा 1 जून 2014 पासून अमलात आला. त्यात विहिरींची नोंदणी, 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध, अधिसूचित क्षेत्रातील अशा जुन्या खोल विहिरींच्या उपशावर उपकर आणि पाणलोट समित्या अशा तरतुदी आहेत.

माझे मत स्पष्ट आहे. नोंदणीला घाबरू नका. नोंदच नसेल, तर शेजारच्या खोल बोअरने तुमची विहीर आटवली हे कशाच्या आधारे सांगाल? उपकराबाबत मात्र तीन प्रश्न जरूर विचारा. दर कोण ठरवणार? लहान शेतकऱ्याला सूट किती? आणि पैसा आपल्याच पाणलोटात खर्च होणार का? ही उत्तरे समाधानकारक असतील तर वर्गणी द्यावी. नसतील तर ग्रामसभेत ठराव करून मागावीत.

कायद्याची वाट न पाहताही गाव पुष्कळ करू शकते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियम स्वतःच केला आणि पडलेला पाऊस मोजून पिके ठरवली. आपला बहुतांश मुलूख काळ्या कातळाचा. त्यात पाणी भेगा-सांध्यांतच साठते, म्हणून ते लवकर संपते आणि पावसाने लवकर भरतेही.

तेव्हा एवढे करा. सातबाऱ्यावर आपल्या विहिरीची नोंद आहे का ते पाहा. दिवाळीच्या सुमारास, पुन्हा मार्चमध्ये आणि मे महिन्यात दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा, तारखेसह वहीत लिहा. आळीतल्या दहा विहिरींच्या अशा वह्या ग्रामसभेत ठेवल्या, तर ऊस किती लावायचा आणि हरभरा किती, याचा वाद निम्मा मिटेल. उरलेला निम्मा एकत्र बसून मिटवावा, कारण विहिरी वेगळ्या असल्या तरी खालचे पाणी एकच आहे.