पेंढा भरण्याचे दिवस

आमचा भाचा चतुर्थीला मुंबईहून कणकवलीला आला की घरातली एखादी वस्तू सुधारून जातो. मागे त्याने पाट्याच्या जागी मिक्सर आणला. त्याबद्दल तक्रार नाही. पाट्यावर वाटायला मी कधी बसतच नव्हतो. यंदा मात्र त्याची नजर माझ्या वडिलांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर गेली आणि आमचं बिनसलं.

"मामा, आतलं सगळं काढून टाकू. ब्लूटूथचं किट बसवू, नवे स्पीकर टाकू. बाहेरून व्हिंटेज, आतून मॉडर्न!"

म्हणजे आजोबांचं काळीज काढायचं आणि धोतर-टोपी तेवढी ठेवायची! याला हल्ली 'अपग्रेड' म्हणतात. पूर्वी याला पेंढा भरणे म्हणत, आणि तेसुद्धा वाघ मेल्यावर करत.

आमचा रेडिओ मेलेला नव्हता, मुका झाला होता. तीसेक पावसाळे माळ्यावर काढल्यावर कोण बोलेल? जिथे जुलैत डब्यातला पापड मऊ पडतो, तिथे जुन्या कागदी कंडेन्सरची काय कथा! दोन व्हॉल्व्हच्या मधला कंडेन्सर गाणं पुढे सोडतो आणि व्होल्टेज अडवतो. तो ओल धरून गळू लागला की शेवटचा व्हॉल्व्ह लालबुंद होतो आणि ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. नवा कंडेन्सर वडापावच्या किमतीत येतो. त्यासाठी सगळी आतडी बाहेर काढायला निघालेल्या माणसाला मी सुधारक म्हणायचं?

बाजारातल्या जुन्या रेडिओवाल्या काकांना घरी बोलावलं. त्यांनी मागचं पुठ्ठं काढून आत पाहिलं आणि निकाल दिला, "कंडेन्सर मेलो. रेडिओ नाय मेलो. दात पडलो म्हणान तोंड कोण बदलता?"

आधी त्यांनी शंभराचा बल्ब सिरीजमध्ये लावला. बल्ब भक्कन पेटून मंद झाला तर ठीक. तसाच फकफकत राहिला तर आत शॉर्ट, प्लग काढायचा. मी उत्साहाने बोट पुढे केलं, तर काका ओरडले, "मेल्या, बंद केल्यार पण करंट धरून रवता ता!" त्यानंतर दुरुस्तीतला माझा वाटा बॅटरी धरण्यापुरता उरला. स्पीकरच्या कागदी कोनाला कसरीने भोकं पाडली होती. काकांनी त्यावर पातळ कागद आणि पातळ डिंक असं ठिगळ लावलं.

"पण पुण्यातले शौकीनही अपग्रेड करतातच की," भाच्याने वकिली केली. करतात ना! १९५७ साली, म्हणजे आपली विविध भारती सुरू झाली त्याच वर्षी, इंग्लंडात पीटर वॉकरच्या क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बाजारात आला. त्यात कोन नाही, चुंबक नाही. भोकं पाडलेल्या दोन पत्र्यांच्या मध्ये प्लॅस्टिकचा तलम पडदा, त्यावर काही हजार व्होल्ट. धूळ आणि दमट हवा हे त्याचे वैरी. कणकवलीत आला असता तर पहिल्या मृगातच त्याने परतीचं तिकीट काढलं असतं! पण त्याचे भक्त आजही घरी बसून पडदा नवा ताणतात, व्होल्टेजचा भाग नवा करतात. पडदा फेकून रिकाम्या चौकटीत ब्लूटूथचा डबा ठेवणाऱ्याला ते दारात उभं करणार नाहीत.

भाच्याचा एक मुद्दा मात्र मला टोचला. आकाशवाणीने मीडियम वेव्हची बरीच प्रक्षेपणं बंद केली. मग ऐकणार काय? उत्तर रेडिओच्याच पाठीवर होतं. ग्रामोफोन जोडायला तिथे दोन भोकं होती. मोबाइलची वायर तिथे जाते, एक स्क्रूही हलवावा लागत नाही. (रेडिओ ट्रान्सफॉर्मरवाला हवा. ज्यात तो नसतो, त्यात लोखंडी चासी थेट मेनवर असते. तिथे मोबाइल जोडू नये, नाहीतर गाणं अंगात येतं.)

संध्याकाळी बटण फिरवलं. शांतता.

"मामा, नाही चालला."

"थांब. व्हॉल्व्ह तापू देत."

१९७१च्या डिसेंबरात, ब्लॅकआउटमध्ये, गिरगावच्या चाळीत वडील याच डायलच्या दिव्यावर काळं फडकं टाकून युद्धाच्या बातम्या लावत. आम्ही भावंडं अंधारात हीच अर्धी मिनिट मोजायचो. डायल पिवळा झाला, हिरवा डोळा हळूहळू उघडला, आणि गाण्याच्या आधी ती जुनी घुंईऽऽ आली.

स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी भाच्याची आई बाहेर आली.

"बाबांचो रेडिओ?" ती म्हणाली, आणि तशीच जमिनीवर बसली.

भाच्याने ब्लूटूथचं किट गुपचूप बॅगेत ठेवलं.