यंत्र चंद्रपुरात, रुग्ण कोरपन्यात

रुग्णालयीन संशोधनासाठी महागडी यंत्रे घ्यावीत की नाहीत, हा वाद आता जुना झाला. त्यांच्यावाचून गत्यंतर नाही, हे सिकलसेलच्या इतिहासानेच दाखवून दिले आहे. 1910 साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींची नोंद केली. परंतु दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे कळण्यास 1949 साल उजाडावे लागले. लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांना ते सिद्ध करता आले, कारण त्यांच्या हाताशी इलेक्ट्रोफोरेसिसचे यंत्र होते.

विदर्भाला हा आजार परका नाही. चंद्रपूर येथील भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे हिमोग्लोबिनविकार संशोधन केंद्र 11 डिसेंबर 2022 रोजी राष्ट्राला अर्पण झाले, ही समाधानाची गोष्ट होय. 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली आणि सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठरले.

तथापि कोरपना तालुक्यातील कोलाम वा गोंड वस्तीवरून पाहिले असता प्रश्न निराळा दिसतो. प्राथमिक विद्राव्यता चाचणी स्वस्त व सोपी आहे. नळीतील द्रव गढूळ झाला की सिकल हिमोग्लोबिन असल्याचे समजते. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे समजत नाही. तो निवाडा इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी यंत्राने करावा लागतो. वाहकाला सहसा त्रास होत नाही. रुग्णाला मात्र आयुष्यभर उपचार लागतात. पतीपत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

असे यंत्र प्रत्येक तालुक्यात बसवावे, ही मागणी सहानुभूतीची असली तरी व्यवहार्य नाही. यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते. रसायने, सुटे भाग, अखंड वीज, देखभाल आणि तंत्रज्ञाचा पगार हा खर्च वर्षानुवर्षे चालतो. पहिल्या आकड्याची चर्चा होते, दुसऱ्याची तरतूद राहून गेली की यंत्र धूळ खात पडते. म्हणून यंत्र जिल्ह्याला आणि नमुना तालुक्यातून, हीच व्यवस्था शहाणपणाची. मात्र नमुना थंड पेटीतून वेळेत पोहोचला पाहिजे आणि अहवाल ठरलेल्या दिवशी त्या घरी परतला पाहिजे. यंत्रखरेदीचा प्रस्ताव मंजूर करतानाच या दोन्ही गोष्टींचा खर्च त्यात धरावयास हवा. संशोधकाला नमुन्यातून आकडा मिळतो. रक्त देणाऱ्या मुलीला निदान तिचे उत्तर तरी मिळाले पाहिजे.