‘दये’पोटी गेलेले जीव

युद्धकाळात शहरातील मुक्या प्राण्यांचा बळी शत्रूचे बॉम्ब घेतात, असा आपला सर्वसाधारण समज असतो. लंडनचा १९३९ सालचा अनुभव निराळा आहे, आणि म्हणूनच तो या खेपेस वाचकांपुढे ठेवावासा वाटला.

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच आठवड्यात पशुवैद्यांच्या आणि प्राणिसंस्थांच्या दारांशी रांगा लागल्या. टोपलीत मांजर, दोरीला कुत्रा. पण उपचारासाठी कोणी आलेले नव्हते. ही धडधाकट जनावरे मारून टाकण्यासाठी आणलेली होती. या प्रकरणाचा साक्षेपाने शोध घेणाऱ्या इतिहासकार हिल्डा कीन यांच्या मते त्या एका आठवड्यात केवळ लंडनमध्ये सुमारे ४,००,००० कुत्री-मांजरे मारली गेली, म्हणजे शहरातील दर चारांमागे एकाहून अधिक.

सरकारचा तसा हुकूम मुळीच नव्हता. हवाई हल्ल्यांत प्राण्यांचे काय करावे, याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीने एक पत्रक मात्र काढले होते. प्राण्यांना वेळीच खेड्यात पाठवावे. ते न जमल्यास आणि शेजारीही सांभाळणार नसल्यास त्यांना मारणे हेच दयेचे ठरेल, असा त्याचा आशय. त्याच पत्रकात जनावरे मारण्याच्या पिस्तुलाची जाहिरातही होती! घाबरलेल्या लोकांनी पहिला सल्ला बाजूला ठेवला आणि शेवटचा उचलला. मुलांना १ सप्टेंबरपासूनच परगावी हलवले जात होते, घरे बंद होत होती, अन्नटंचाईची धास्ती होती. ही अडचण खोटी नव्हती. परंतु लंडनवर पहिले बॉम्ब पडायला त्यानंतर जवळजवळ वर्ष जावे लागले.

दुःख भोगावे लागू नये म्हणून जीव घ्यावा, हा युक्तिवाद आपल्या पांजरापोळांनी कधी मानला नाही. तेथे बरे न होणारे जनावरही मरेपर्यंत सांभाळले जाते. लंडनमधील प्राणी तर आजारीही नव्हते. ज्या दुःखातून त्यांना सोडवले, ते अद्याप आलेलेच नव्हते.

याच शहरात वेगळे वागणारेही होते. शाकाहारी असलेल्या हॅमिल्टनच्या डचेस नीना यांनी विल्टशायरमधील आपल्या फर्न या वाड्याचे आश्रयस्थान केले आणि लंडनमधील प्राणी तेथे नेण्याची सोय केली. बॅटर्सीचे श्वानगृह लोकांना घाई करू नका, असे विनवत राहिले. पुढे गळ्यात क्रमांकाचे बिल्ले बांधून हरवलेले प्राणी घरी पोचवण्याची व्यवस्थाही उभी राहिली.

मला अधिक मोलाची वाटतात ती साधी कुटुंबे. सार्वजनिक आश्रयस्थानांत प्राण्यांना मज्जाव होता. तेव्हा १९४० च्या सप्टेंबरात रात्रीमागून रात्री बॉम्ब कोसळू लागले, त्या वेळी कित्येकजण कुत्र्याला एकटे सोडण्याऐवजी घरातच जिन्याखाली किंवा टेबलाखाली बसून राहिले. अंगणात स्वतःचा आसरा खणलेल्यांनी मांजरालाही आत घेतले. प्राण्यांसाठी शिधापत्रिका नव्हती. माणसांच्या मोजक्या शिध्यातूनच त्यांचा वाटा काढावा लागे. आणि भोंगा होण्यापूर्वीच कुत्र्याला विमानांची चाहूल लागते, हे ध्यानात आल्यावर काही घरांत तोच इशारा मानला जाऊ लागला.

त्याच वर्षी पॉप्लर भागात एका हल्ल्यानंतर रिप नावाचा बेघर कुत्रा आढळला. बचावपथकातील एकाने त्याला चार घास दिले, तो जाईना. कोणी शिकवले नसताना तो ढिगाऱ्यांतून हुंगत हिंडू लागला आणि थांबेल तेथे उकरू लागला. त्याने शंभराहून अधिक माणसांचा माग काढला. १९४५ मध्ये त्याला डिकिन पदक मिळाले.