नाव एकाचे, पदार्थ दुसराच!

पाटण्याच्या शेख दीन मुहम्मद यांनी १८१० साली लंडनमध्ये ‘हिंदुस्थानी कॉफी हाउस’ उघडले. हिंदी माणसाने विलायतेत काढलेली ही पहिली खाणावळ. दोन वर्षांतच त्यांचे दिवाळे निघाले. पुढे दीडशे वर्षांनी त्याच मुलुखात सिल्हेटकडून गेलेल्या मुस्लिम बंधूंनी गावोगावी ‘इंडियन’ रेस्टॉरंटे उभी केली. परक्या देशात, मध्यरात्रीपर्यंत चुलीशी उभे राहून त्यांनी संसार उभे केले, घरी पैसे पाठवले. आम्हाला त्यांचे कौतुकच आहे. परंतु या धंद्यात एक चूक झाली आणि तीच आज आपल्या बाजारात होऊ लागली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

चूक नावांची. तेथील भटारखान्यात कांद्याच्या रश्शाचे एक मोठे पातेले तयार असते. ऑर्डर आली की त्यातलाच रस्सा कढईत घेऊन, कमीजास्त मिरची व मसाला टाकून चार-पाच मिनिटांत पदार्थ पुढे जातो. गिऱ्हाइकाला आपल्या पदार्थांची ओळख नव्हती, म्हणून तिखटाच्या पायऱ्यांनाच नावे दिली गेली. सौम्य तो कोर्मा, तिखट तो मद्रास, जहाल तो विंदालू! आता कोर्मा म्हणजे दह्यात मंद आचेवर शिजवलेले गोश्त. तेथे तो नारळ व मलईचा गोडसर रस्सा झाला. विंदालू गोव्याचा, पोर्तुगीजांकडून आलेला. शिरका आणि लसूण हा त्याचा प्राण. आपल्या बांधवांनी त्यातले हराम मांस वगळले हे योग्यच. पण शिरकाही गेला, आणि नावात ‘आलू’ ऐकू आला म्हणून बटाटा आला! पारशांचे धनसाक मुंबईकरांना ठाऊक आहे. मयताच्या चौथ्या दिवशी ते होते, म्हणून शुभकार्यात पारशी ते करत नाहीत. तेथे त्यात अननसाचे तुकडे पडू लागले.

कोणी म्हणेल, गिऱ्हाईक खूष, मालक खूष, मग बिघडले कोठे? व्यापारी बंधूंनो, बिघडले ते पेढीच्या हिशेबातच. नाव जेव्हा केवळ तिखटाचे माप होते, तेव्हा ते कोणीही विकू शकतो. तेथल्या मोठ्या दुकानांनी त्याच नावांच्या बाटल्या आणि डबे फळ्यांवर मांडले. कारागिराच्या हाताची किंमत गेली. उद्या कोणी अस्सल विंदालू किंवा खरा कोर्मा मांडला, तर गिऱ्हाईकच म्हणते, हा नव्हे!

आता आपल्याकडे पाहू. गल्लोगल्ली ‘अरेबियन मंदी’चे फलक लागले आहेत. ही मंदी बाजारातली नव्हे, येमेनच्या हद्रमौतची! जमिनीतल्या तंदुरात खाली भात, वर मांस. त्याचा रस भातावर ठिबकतो आणि धूर आत मुरतो. आपल्याकडे अनेक ठिकाणी साध्या पुलावावर भाजलेली कोंबडी ठेवली की झाली मंदी. कोकणातील किती घरांतली माणसे आखातात राबून आली आहेत. त्यांना काय फसवणार? पण ज्याने ती कधी खाल्ली नाही, तो यालाच मंदी समजून घरी जातो.

पदार्थात बदल करणे हा गुन्हा नव्हे. जिभेप्रमाणे आणि खिशाप्रमाणे बदल होणारच. आमचे म्हणणे इतकेच की बदललेल्या मालाला त्याचे स्वतःचे नाव द्या. वर कोरडे आणि खाली ओले धान्य ठेवणाऱ्या विक्रेत्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी भर बाजारात टोकल्याचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. फलकावरचे नाव हेसुद्धा ढिगाचा वरचा थरच होय.

हैदराबादच्या हलीम करणाऱ्यांनी एकजूट करून २०१० साली आपल्या हलीमला भौगोलिक नोंदणी मिळवली. मग मुंबईचा खिचडा रमजानमध्ये ‘हैदराबादी हलीम’ म्हणून का विकावा? खिचडा काय कमी चवीचा आहे?

कोल्हापुरी चपलेलाही २०१९ साली अशीच नोंद मिळाली. २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला कोल्हापूरचे नाव न घेता मांडल्या, तेव्हा कारागिरांनी आवाज उठवला आणि तो रास्तच होता. पण दुसऱ्यांची नावे आपणच वाटेल तशी वापरत असू, तर आपल्या तक्रारीला वजन कोठून येणार?

तेव्हा बंधूंनो, आजच आपला फलक आणि दरपत्रक एकदा वाचून पाहा. जे नाव लिहिले तेच ताटात पडते ना? पडत नसेल तर पदार्थ सुधारा, नाही तर नाव बदला. चार गिऱ्हाइके कमी येतील, पण जी येतील ती इन्शाअल्लाह टिकतील.