पत्रा कोणत्या दिशेला पडला?

‘टोर्नेडो अमेरिकेत होतात, आपल्याकडे नाही. आणि समुद्रावरचं चक्रीवादळ घाट चढेपर्यंत निम्मं मेलेलं असतं.’ नगर जिल्ह्यात शिकलेली माणसंही हे ठासून सांगतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

पहिलीचं उत्तर हुगळीच्या काठावर आहे. ‘यास’ वादळ २६ मे २०२१ला ओडिशात बालासोरजवळ धडकलं. पण आदल्याच दिवशी, तिथून दोनशे किलोमीटरहून लांब, पश्चिम बंगालमधल्या चुंचुडा आणि हालीशहर भागात टोर्नेडो उतरला आणि बघता बघता घरांची छपरं उडाली.

दुसरी समजूत जास्त फसवी, कारण ती अर्धी खरी आहे. जमिनीवर आलं की वादळाची समुद्रावरची वाफ तुटते, ते क्षीण होतं, हे कबूल. पण टोर्नेडोचं बीज या क्षीण होण्यातच असतं. डोंगर, झाडं, घरं यांना घासून खालचा वारा मंदावतो. किलोमीटर-दोन किलोमीटर वरचा मात्र तसाच धावत राहतो. या फरकामुळे मधली हवा लाटण्यासारखी आडवी गरगरू लागते, आणि बाहेरच्या पाऊसपट्ट्यातला एखादा उंच ढग तिला वर ओढून उभी करतो. उत्तर गोलार्धात हे बहुतेकदा वादळाच्या वाटेच्या उजव्या अंगाला, पुढच्या भागात घडतं. २००४च्या ‘आयव्हन’ चक्रीवादळानं अमेरिकेत सुमारे १२० टोर्नेडो जन्माला घातले, त्यांतले कितीतरी किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, व्हर्जिनियात, वादळ मरणपंथाला लागल्यावर.

आता ३ जून २०२० आठवा. ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि पुणे जिल्ह्यातून ईशान्येकडे सरकलं. आपला बहुतेक जिल्हा त्या वाटेच्या उजव्या हाताला होता. आपल्याकडे टोर्नेडोची शक्यता कमी आहे, पण शून्य धरणं ही बेफिकिरी आहे.

याचा अर्थ त्या दिवशी पडलेलं प्रत्येक झाड टोर्नेडोनं पाडलं, असा नाही. तसं म्हणणारेही चुकतात. चैत्र-वैशाखातली वावटळ तापल्या जमिनीवरून उठते, टोर्नेडो ढगाला लटकलेला असतो. आणि नुसता सरळ वाराही विजेचे खांब आडवे करतो. खरं काय झालं ते जमीन सांगते. सगळा ऊस एकाच अंगाला लोळला असेल, तर वारा सरळ होता. अरुंद पट्ट्यातच नासधूस झाली असेल, कांदाचाळीचे पत्रे एकीकडे आणि बांधावरची बाभूळ उलट दिशेला पडली असेल, तर तो पट्टा नीट तपासायला हवा.

तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनाम्याला बांधावर जातातच. नुकसान किती, हे ते लिहितात. काय कोणत्या दिशेला पडलं, हे लिहून घ्यायला त्यांना कुणी सांगत नाही. ते सांगायला हवं, आणि ही नोंद पुण्याच्या हवामान विभागाकडे जायला हवी. दिशा बघायला प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये होकायंत्र आहे. फक्त हे काम पहिल्या दोन दिवसांत व्हायला हवं, कारण शेतकरी पत्रे गोळा करून पुन्हा ठोकायला थांबत नाही, आणि त्यानं थांबूही नये.