खून एकाचा, युद्ध सगळ्यांचे

नेत्याला टिपून मारले की प्रश्न मिटतो, असे सांगितले जाते. ३१ जुलै २०२४ रोजी हमासचे नेते इस्माईल हनिये तेहरानमध्ये मारले गेले. प्रश्न मिटला नाही. १ ऑक्टोबरला इराणने इस्रायलवर क्षेपणास्त्रे डागली आणि कारणे सांगताना हनियेंच्या हत्येचाही उल्लेख केला.

मग हत्येतूनच युद्ध होते का? शाळेत आपण साराजेव्होचे उदाहरण शिकलो. २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनंड मारला गेला. पण ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले ते २८ जुलैला. मधल्या महिन्यात जर्मनीने ऑस्ट्रियाच्या पाठीवर हात ठेवला आणि ऑस्ट्रियाने सर्बियापुढे जाचक अटी ठेवल्या. गोळी एका तरुणाने झाडली, युद्ध मात्र दरबारांत ठरले.

आपल्याकडेही हेच घडले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी मारले. गादीवर काका रघुनाथराव बसले. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून त्यांना दोषी ठरवले. एप्रिल १७७४ मध्ये नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना मुलगा झाला आणि बारभाईंनी त्यालाच पेशवा मानले. न्याय मान्य करण्याऐवजी रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई देण्याच्या बोलीवर त्यांनी फौज मागितली. घरातले भांडण सात वर्षांचे युद्ध झाले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते थांबले. रघुनाथरावांना पेन्शन मिळाली आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

आरोंदा ज्या सावंतवाडी संस्थानात होते, तिथली गोष्टही वेगळी नाही. तिसरे खेम सावंत १८०३ मध्ये मुलगा नसताना वारले. वारसाच्या वादानंतर १८०५ मध्ये राणी लक्ष्मीबाईंनी रामचंद्र सावंत यांना दत्तक घेतले. काही वर्षांतच त्या मुलाचा गळा दाबून खून झाला. संस्थानात बेबंदशाही माजली, किनाऱ्यावर चाचेगिरी वाढली. १८१२ मध्ये वेंगुर्ला बंदर इंग्रजांना द्यावे लागले आणि १८१९ मध्ये त्यांच्या फौजेने आरोंद्याजवळचा रेडीचा यशवंतगडही घेतला.

या घटनांत खून ही ठिणगी होती. गवत आधीच रचलेले होते: वारशाचा वाद, सत्तेसाठी काहीही गहाण टाकणारे दावेदार आणि संधीची वाट पाहणारी बाहेरची ताकद. रामशास्त्रींचा निवाडा स्पष्ट होता, पण तो अमलात आणणारी सत्ता दुभंगलेली होती. मेले ते साधे शिपाई, लुटली गेली ती रयत. ज्यांच्या नावाने लढाई झाली, त्यांना पेन्शन मिळाली.

म्हणून अशा हत्येची बातमी आली की तीन प्रश्न विचारावेत. तपास कोण करत आहे? तपास संपण्याआधीच सूड कोण मागत आहे? आणि त्या सुडातून कोणाच्या पदरात काय पडणार आहे? खुन्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण ती न्यायाने व्हावी. शिक्षेच्या नावाखाली ज्यांनी खून केला नाही त्यांच्यावर फौजा धाडणे, हा न्याय नव्हे.